हट्टी गाढव, पहिल्या पानापासून

सून भाजी आणायला बाहेर पडली आणि मास्तरांनी कपाट रिकामं करायला घेतलं.

मनात फार दिवस होतं, पण हात धजत नव्हता. त्या सकाळी मात्र ते ठरवूनच उठले. चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि मेव्हणीला फोन लावला, "पिशव्या घेऊन ये. आज हिचे कपडे देऊन टाकू."

मेव्हणी म्हणजे त्यांच्या गेलेल्या बायकोची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची. भाऊजी, वापरणारं माणूस गेलं, आता ते कपडे कुणाच्या तरी अंगावर जाऊ द्या, असं ती कधीपासून सांगत होती आणि मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. त्यामुळे फोन ठेवल्या ठेवल्या ती धापा टाकत हजर झाली.

"एवढी पळत का आलीस?"

"तुमचं मन बदलायच्या आत पोचायचं होतं ना."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. सगळा जन्म कात्री आणि मशीन यांच्यात गेला. बायकोच्या अंगावर त्यांनी कधी तयार कपडा येऊ दिला नव्हता. लोकरीचे कोट, अस्तर लावलेली जाकिटं, जाड झगे, सगळं त्यांच्याच हातचं. एकेक कपडा ते हँगरवरून काढत, उलटसुलट करून बघत आणि घडी घालून पिशवीत ठेवत. एका जाकिटाचं बटण लोंबत होतं. ते त्यांनी तिथेच बसून पक्कं केलं.

"अहो भाऊजी, द्यायचे आहेत ना?"

"द्यायचे म्हणून लोंबत्या बटणाचे द्यायचे?"

सगळ्यात शेवटी तपकिरी कोट निघाला. तो हातात घेऊन ते जरा उभे राहिले. मेव्हणीने पिशवीचं तोंड उघडून धरलं. मग त्यांनी कोटही घडी घालून पिशवीत ठेवला. गरजूंना कपडे वाटणाऱ्या एका संस्थेची गाडी आली, पिशव्या घेऊन गेली. मास्तरांनी कपाट ओल्या फडक्याने पुसलं आणि दारं लावली. एक काम हातावेगळं झाल्याचं समाधान होतं. मेव्हणी डोळे पुसत घरी गेली.

सून आली. पिशवी ओट्यावर ठेवली, पाणी प्यायली आणि रोजच्यासारखी स्टूल उचलून कपाटाच्या खोलीत गेली. दारं उघडल्याचा आवाज आला. 

"दिले आज," बाहेरच्या खोलीतून मास्तर म्हणाले. "कधीतरी द्यायचेच होते."

"हो बाबा. बरं केलंत." ती जरा थांबली. "मी एक पान वाचून बघते. तुम्ही हेडफोन लावा."

मास्तरांनी हेडफोन लावला.

"गाढव पुलापाशी आलं आणि थांबलं," सुनेने वाचलं, आणि मास्तरांनी हेडफोन कानावर दाबला. आवाज सुनेचाच होता. पण पाण्याच्या रिकाम्या टाकीत डोकं घालून ती बोलत असावी, तसा तो येत होता. प्रत्येक शब्दाला एक शेपूट फुटलं होतं.

आपण काय करून बसलो, हे त्यांना तेव्हा कळलं.

त्या घरात सुनेचं रेकॉर्डिंग त्याच कपाटासमोर चालायचं. भिंतीत बांधलेलं, खोल, कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट. दोन्ही दारं उघडायची, आत माइक टांगायचा आणि कपड्यांकडे तोंड करून वाचायचं. लोकर आवाज पिऊन टाकते. त्यामुळे वाचणारी कानाशी बसून गोष्ट सांगते आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं. सासूच्या आजारपणात सुनेने नोकरी सोडली होती. मुलगा कामासाठी परगावी, तेव्हा रात्रंदिवस तीच बघत होती. सासूला झोप लागावी म्हणून ती उशाशी बसून काहीबाही वाचायची, त्यावरून सासूनेच तिच्या मनात हे खूळ भरलं, की तू याचंच काहीतरी कर. आता मुलांसाठीची, पडद्यावर वाचायची आणि सोबत ऐकायची पुस्तकं ती वाचून द्यायची. आधी लहानसहान, आणि आता हे पहिलंच मोठं पुस्तक. पूल ओलांडायला तयार नसलेल्या एका हट्टी गाढवाचं.

मास्तरांची नजर आता सुईत दोरा ओवण्यापुरतीही उरली नव्हती. पण पडद्यावरचं चित्र हवं तेवढं मोठं करता येतं. म्हणून सुनेने त्यांना खुणा घालायला शिकवलं. या पुस्तकांत वाचणारी जो शब्द उच्चारते तो पडद्यावर पिवळा होतो. त्यासाठी आवाजाच्या पट्टीवर प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी खूण लागते. खूण लवकर पडली तर मुलाचे डोळे आवाजाच्या पुढे पळतात, उशिरा पडली तर मूल अडखळतं. एक प्रोग्राम खुणा घालून द्यायचा, पण तो नुसता धावदोरा. पक्की टीप मास्तर मारायचे.

अर्ध्याहून जास्त पुस्तक असं शिवून झालं होतं.

प्रकाशनाच्या मॅडमनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं. पुस्तक एका बैठकीत वाचल्यासारखं वाटलं पाहिजे. मध्येच आवाज बदलला तर हे पुस्तक आणि पुढची सगळी मालिका मशीनच्या, म्हणजे संगणकाने तयार केलेल्या आवाजात जाईल. मशीनला सर्दी होत नाही आणि मशीन घर बदलत नाही. मॅडमनी नमुन्याला मशीनने वाचलेलं एक पानही पाठवलं होतं. ते ऐकून सून म्हणाली होती, "हे गाढव रडतंय की पत्ता विचारतंय?"

ती खोलीतून बाहेर आली आणि मास्तरांसमोर बसली.

"बाबा, मला एकदा विचारायचं तरी होतं."

"माझ्या बायकोचे कपडे द्यायला मी कुणाला विचारू?"

शब्द तोंडातून गेला आणि मास्तरांना तो परत घ्यावासा वाटला. सून उठून भाजी निवडायला बसली. मान वर न करता म्हणाली, "कपड्यांचं नाही म्हणत मी. आईंनाही ते दिलेलेच आवडले असते. मी पुस्तकाचं म्हणते. आठवडाभर थांबला असता, एवढंच."

मास्तर उठले. त्यांनी स्वतःचे कपडे उचलले आणि कपाटात टांगायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीचं पार गोदाम झालं. मास्तरांचे दोन कोट, मुलाची जुनी जाकिटं, घरातल्या सगळ्या रजया. मेव्हणीला कळल्यावर ती आपल्या घरचे पडदे काढून घेऊन आली.

"माझ्या खिडक्या उघड्या पडल्यात. समोरचे लोक आता मी काय शिजवते तेसुद्धा बघतील."

"मग चांगलं शिजवत जा," मास्तर म्हणाले.

"ताईचे कपडे द्यायची घाई मी केली, असं म्हणा हवं तर. पण माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू नका."

सून प्रत्येक वेळी एक ओळ वाचायची, मास्तर जुन्या पानाची ओळ लावायचे आणि दोन्ही एकामागोमाग ऐकायचे. रजया टांगल्यावर टाकीतला आवाज गेला. पण आधीचाही आला नाही. आता सून उशीत तोंड घालून बोलल्यासारखी वाटत होती. एक रजई काढली, पडदा लावला. मग आवाज आधीच्या थोडा जवळ आला, पण तोच नाही. मेव्हणीला फरक कळेना.

"सारखंच तर आहे!"

"एका रंगाचं कापड दोन ताग्यांतून घेतलं की दुकानात सारखंच दिसतं," मास्तर म्हणाले. "उन्हात गेलं की पाठ वेगळी आणि बाही वेगळी."

मग त्यांनी चपला घातल्या.

"कुठे निघालात?" सुनेने विचारलं.

"कपडे परत आणायला. तुझं पुस्तक होईपर्यंत उसने मागतो. नंतर पुन्हा देऊ."

"बाबा, दिलेलं असं परत…"

"माझ्या तोंडाला काही होत नाही मागायला."

संस्थेचं केंद्र एका जुन्या गोदामात होतं. लांब टेबलांवर कपड्यांचे ढीग, बाजूला रांगेने टांगलेले कोट, आणि भिंतीला टेकवलेला एक उभा आरसा. तिथल्या बाईंना मास्तरांनी सगळं सांगितलं. बाई भल्या होत्या, पण म्हणाल्या, "काका, तुमच्या पिशव्या कालच उघडल्या. बरंच गेलंही. उरलंसुरलं दिसलं तर बघा."

मास्तर टेबलाटेबलाने फिरले. स्वतःची टीप त्यांना लांबूनही ओळखू यायची. एक झगा दिसला, एक शाल दिसली. आणि मग आरशासमोर तपकिरी कोट दिसला. तो एका उंच, हडकुळ्या बाईच्या अंगात होता. ती पाठमोरी होती. कोट खांद्यात बरोबर बसला होता, पण बाह्या मनगटाच्या वर राहत होत्या आणि ती त्या सारख्या खाली ओढत होती.

तिने आरशातून मास्तरांना पाहिलं.

"बाह्या फारच आखूड दिसतात का हो?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मागायचं वाक्य येताना वाटेत घोकलेलं होतं.

"ओढू नका," ते म्हणाले. "आत माया सोडलेली आहे. दुमड उसवली की चांगली तीन बोटं लांब होईल."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी शिंपी आहे. दाखवा जरा." त्यांनी बाही उलटी करून आतली दुमड दाखवली. "इथून उसवायचं. कात्रीने नको, पात्याने. आणि आधी ओल्या कापडावरून इस्त्री मारा, म्हणजे जुनी घडी दिसणार नाही."

"घेऊ ना मग?"

"घ्या. थंडीला चांगला आहे. अस्तर पक्कं आहे."

बाई कोट न काढताच बाहेर पडली. मास्तर जरा वेळ बाकावर बसले. उरलेली शाल आणि झगा त्यांनी मागितला नाही. दोन कपड्यांनी कपाट भरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. घरी येताना वाटेत त्यांना जे सुचलं ते इतकं सरळ होतं, की आधी का सुचलं नाही म्हणून स्वतःचाच राग आला.

सून दारातच उभी होती. तिने त्यांचे रिकामे हात बघितले.

"मॅडमना पुस्तक कधी द्यायचंय?" मास्तरांनी विचारलं.

"शुक्रवारी."

"मग स्टूल घे. पहिल्या पानापासून वाच."

"बाबा, वेड लागलंय का? झालेली सगळी पानं टाकायची?"

"जुना आवाज आता येत नाही. आणायचा म्हटलं तरी येणार नाही. मग अख्खा कपडाच नव्या ताग्यातून कापायचा. ठिगळ लावून द्यायचं नाही."

"माझं वाचन एक वेळ होईल. पण तुम्ही घातलेल्या खुणा? सगळ्या नव्याने घालाव्या लागतील. डोळ्यांचं काय?"

"डोळे माझे आहेत. तू तुझा घसा सांभाळ."

 मग फोन उचलून तिने मॅडमना सांगितलं, की आवाजात फरक पडलाय आणि मी पूर्ण पुस्तक पुन्हा वाचून देते. पलीकडून काय उत्तर आलं ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"वाढीव वेळ मिळणार नाही म्हणाल्या. शुक्रवारी आलं नाही तर मशीन."

"शुक्रवारी देऊ."

"तुम्ही अगदी त्या गाढवासारखे आहात, बाबा."

"गाढव पूल ओलांडतं की नाही शेवटी?"

"ओलांडतं."

"झालं तर मग."

खोली पुन्हा लावली. या वेळी जुन्याशी जुळवायचं नव्हतं, फक्त चांगली लावायची होती, त्यामुळे काम पटकन झालं. मागे रजई, बाजूंना पडदे, कपाटात कोट. एका बाजूच्या भिंतीला खिळाच धरेना, गिलावा भुगा होऊन खाली यायचा. तिकडची रजई मास्तर स्वतः दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"हात भरून येतील, बाबा."

"माणसासारखी खुंटी नाही. वाच."

सुरुवातीला त्यांनी कष्ट वाचवायची एक युक्ती करून बघितली. जुन्या खुणा उचलून नव्या आवाजावर टाकल्या. शब्द तेच, वाचणारी तीच, मग थोडं मागेपुढे सरकवलं की झालं, असा हिशेब. पण पहिल्या दोन ओळींतच पिवळा रंग आवाजाच्या पुढे धावायला लागला. सून आता तशी वाचतच नव्हती. आधीच्या वाचनात गाढव लाडाने "नाही" म्हणायचं. आता ते पाय रोवून म्हणत होतं. "नाही" आणि पुढच्या शब्दाच्या मध्ये केवढी तरी जागा होती. मास्तरांनी जुन्या खुणा पुसून टाकल्या आणि पहिल्या शब्दापासून बसले.

मग घराला दुसरा उद्योग उरला नाही. सून वाचायची, गरम पाणी प्यायची, पुन्हा वाचायची. मास्तर रजई धरायचे, ते पान झालं की टेबलाशी जाऊन खुणा घालायचे. मेव्हणी जेवण घेऊन यायची आणि दाराबाहेर चपला हातात घेऊन उभी राहायची, कारण एकदा तिच्या चपलेच्या आवाजाने अख्खं पान वाया गेलं होतं.

"माझ्याच बहिणीच्या घरात मी चोरासारखी," ती कुजबुजायची.

"चोर निदान गप्प असतात," मास्तर तसेच कुजबुजून म्हणायचे.

गोष्टीत गाढवाची एक मालकीण होती. ती गाढवाला ओढून बघते, ढकलून बघते, गाजर दाखवून बघते. गाढव हलत नाही. मग एका पानावर ती दोर सोडून देते आणि एकटीच पूल ओलांडून पलीकडे जाते. त्या पानावर जास्त शब्द नव्हते. सून ते हळू वाचत होती. वाचून झाल्यावर तिने मागे वळून पाहिलं.

"परत घेऊ का?"

"नको," मास्तर रजईआडून म्हणाले. "पुढचं पान घे."

पुढच्या पानावर गाढवाने पहिला पाय पुलावर ठेवला.

शुक्रवारी सकाळी पुस्तक गेलं. मास्तरांचे डोळे लाल झाले होते, मान आखडली होती. सुनेचा आवाज खालच्या पट्टीत गेला होता. दोघं समोरासमोर बसून राहिली. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. सुनेने तो मोठ्या आवाजावर लावला.

"ऐकलं मी पूर्ण," मॅडम म्हणाल्या. "आधीच्या पानांपेक्षा हे चांगलं झालंय, खरं सांगते. ते गाढव 'नाही' म्हणतं तिथे माझ्या मुलीने दोनदा मागे जाऊन ऐकलं. मशीनचा विषय संपला. मालिकेचं पुढचं पुस्तक सोमवारी पाठवते."

सुनेने मास्तरांचा हात घट्ट धरला.

"फक्त एक," मॅडम पुढे म्हणाल्या. "मालकीण दोर सोडते त्या पानावर मागे कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आहे. तेवढं काढून द्या."

फोन संपला. सून मास्तरांकडे बघू लागली.

"मला तर ऐकू आलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "त्या पानावर मी खुणा घातल्या, तीनतीनदा ऐकलं."

"स्वतःचं घोरणं कुणाला ऐकू येतं?" दारातून मेव्हणी म्हणाली. ती कधी आली होती कुणास ठाऊक.

"सर्दी झाली होती," मास्तर म्हणाले.

"हो, बाबा," सून म्हणाली. "काढता येईल का?"

मास्तरांनी ते पान उघडून बघितलं. आवाज नेमका "एकटीच" या शब्दाच्या पोटात होता. कापायला गेलं तर शब्दाचा लचका तुटला असता. "नाही येणार. पान परत वाचावं लागेल."

"रजई मी धरते," मेव्हणी पुढे झाली. "मी काही नाक ओढत नाही."

"तू बोलतेस."

"नाही बोलणार. शप्पथ." आणि पदर नव्हता म्हणून तिने हातरुमाल काढून दातांत धरला.

सून स्टुलावर बसली. मेव्हणी रजई धरून उभी राहिली. मास्तर बाहेरच्या खोलीत टेबलाशी जाऊन बसले आणि त्यांनी हेडफोन लावला.

"श्वास घे," ते म्हणाले. "हं. वाच."

मालकिणीने दोर सोडला. एकटीच पूल ओलांडून पलीकडे गेली. मास्तरांनी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, आणि त्यामागची शांतताही ऐकली. मग त्यांनी नाक ओढलं, ते या वेळी कुणाला ऐकू गेलं नाही, आणि पहिल्या शब्दावर खूण घातली.